शाकारलेली फटफटी

मिरकरवाड्यात होड्यांना माशाचं तेल चोपडायला लागले की आजही मी खिडकी लावून घेते. तो वास मला घरात नको.

तीस-बत्तीस साल असेल. आमचे हे बोटीवर खलाशी. मुंबईहून शर्यतीची नवीकोरी फटफटी घेऊन आले. पावसाळ्याआधी होडी शाकारतात तशी तीही पडवीत शाकारून ठेवली. पेट्रोल काढलं, अंगभर माशाचं तेल चोपडलं, वरून माडाची झापं बांधली.

आषाढात हातखंब्याहून निरोप आला, माझ्या आईचं काही खरं नाही.

"फटफटीवरून सोडता का मला?"

"नारळी पुनवेआधी झापं काढायची नाहीत," हे म्हणाले. "खारा वारा लागून गंजेल ती."

मी चिखल तुडवत गेले. पोचले तोवर आईला नेलं होतं.

नारळी पुनवेला ह्यांनी नारळ फोडून झापं सोडली, पेट्रोल भरलं. किका मारून पाय सुजला, पण फटफटी चालू होईना. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत ओल शिरली होती, तेलानं रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. माझ्या आईच्या बाराव्याला कोरड्या डोळ्यांनी जेवलेला हा माणूस फटफटीशेजारी बसून हुंदके देऊन रडला.

"जा गो, समजूत काढ त्याची," सासूबाई म्हणाल्या.

मी आत जाऊन भाताखालचा जाळ सारखा केला.