कुठल्या आकड्याला थांबणार?

वाचककाकांना मी भर कॉमेंट्समध्ये 'घाबरट म्हातारा' म्हटलं होतं.

त्याला लाइक्सही चिक्कार पडले.

काका गेल्या आठवड्यात गेले. तोवर मला त्यांचं खरं नावही माहीत नव्हतं.

इथे माझ्या फेसबुक वॉलवर बऱ्याच जणांना माझा हा उद्योग माहीत नाही, म्हणून सांगते. आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये मी नोकरी करते आणि डबा खाताना ट्रेडिंगवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर पडीक असते.

तिथे कोणीतरी शेअरचा चार्ट टाकतो, 'रॉकेट आहे, पकडा' म्हणतो, आणि खाली कॉमेंट्समध्ये जुंपते.

त्यात 'वाचक' नावाचं एक अकाउंट होतं. फोटो नाही, माहिती नाही. लिहिण्यावरून वय कळायचं, म्हणून आम्ही काका म्हणायचो.

काकांनी स्वतः कधी चार्ट टाकला नाही. कोणाला टिप दिली नाही. प्रत्येकाच्या पोस्टखाली एकच प्रश्न:

"चुकलात हे कुठल्या आकड्याला मानणार? आधी लिहून ठेवलंय का?"

म्हणजे भाव कितीवर उतरला की विकून मोकळे होणार. बस्स. दुसरं काही नाही.

उल्हासनगरचा एक कापडवाला मेंबर वैतागायचा. "अंकल, दिमाग का दही मत करो. आपने खुद क्या उठाया है, वो बोलो."

काका: "माझं सोडा. तुमचा आकडा सांगा."

हा माणूस आहे तरी कोण, याचं मला भयंकर कुतूहल. कोणी म्हणायचं, मोठा खेळाडू आहे, म्हणून तोंड उघडत नाही. माझी थिअरी वेगळी होती. हा कधीतरी सपाटून आपटलाय आणि आता दुसऱ्यांना घाबरवत बसलाय.

मग मी ती पोस्ट टाकली.

ट्रेडिंगमध्ये चार महिने बरे गेले होते माझे. डोक्यात हवा गेली. लिहून टाकलं, "सोमवारी राजीनामा देतेय. आता फुल टाइम ट्रेडिंग!"

खाली अभिनंदन, फटाके, हार्ट.

आणि काका:

"ताई, चुकलात हे कुठल्या दिवशी मानणार? आधी लिहून ठेवलंय का?"

माझं टाळकंच सटकलं. तेव्हाच ते 'घाबरट म्हातारा' लिहिलं.

त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "असेन. पण तेवढं लिहा."

सोमवारी राजीनामा पर्समध्ये घालून निघाले. कंपनीच्या गेटवर आल्यावर म्हटलं, आत शिरण्याआधी म्हाताऱ्याचं तोंड एकदाचं बंद करू. त्याच कागदाच्या मागे तारीख लिहायला घेतली.

जमेना हो!

कुठली तारीख लिहू? किती महिने वाट बघून परत नोकरी शोधायची? आणि शोधली तर मिळणार आहे का? शिरगावच्या फ्लॅटचा हप्ता चालू, लेक बारावीला. मी पेन हातात धरून तशीच उभी. वॉचमन दोनदा विचारून गेला, "मॅडम, सब ठीक ना?"

राजीनामा दिला नाही.

हे काकांना सांगितलं का? छे! लाज वाटली. अख्खी पोस्टच डिलीट केली. त्यांच्या प्रश्नासकट.

आणि परवा त्यांच्या अकाउंटवरून एक कॉमेंट आली.

"मी यांची मुलगी. बाबा गेले. ते रोज इथे लिहायचे. आईला भीती वाटतेय की त्यांनी यात पैसे घालवले. ते इथे नक्की काय करायचे, कोणी सांगाल का?"

मी मेसेज केला. पत्ता आला अंबरनाथचा. म्हणजे कंपनीतून रिक्षाने जाण्याइतका जवळ. इतकी वर्षं!

काल गेले.

काकूंनी पाणी दिलं आणि बसायच्या आत विचारलं, "खरं सांगा, सट्टा खेळायचे का हो? दिवसभर त्या लाल-हिरव्या काड्या बघत बसायचे."

मुलीने आणि मी मिळून फोन, कपाट, फायली सगळं पालथं घातलं. डिमॅट अकाउंट नाही. ब्रोकरचा एक मेसेज नाही. आयुष्यात एक शेअर घेतला नव्हता माणसाने!

काकू आधी रडल्या, मग हसल्या.

"मग सगळ्यांना आकडा काय विचारायचे?" मला राहवेना.

काकूंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. काकांची सगळी नोकरी जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर, पंप चालवण्यात गेली.

"त्यांचा नियमच होता. पंप सुरू करायच्या आधी फळ्यावर खडूने लिहायचं, काटा कुठे आला की बंद करायचा. एकदा सुरू झाला की म्हणे माणसाला वाटतं, अजून थोडा चालेल. रिटायर झाल्यावर मला विचारायचे, गॅस कधी बंद करणार. मी म्हटलं, दूध आहे ते, कळतं मला!"

मग त्या म्हणाल्या, "मागे एका ताईची पोस्टच गायब झाली. नोकरी सोडणार होती ती. दोन दिवस शोधत होते. 'सोडली की काय गं तिने', सारखं तेच. मी म्हटलं, तुमची कोण लागते ती?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"काकू, ती मीच. नाही सोडली मी."

काकू भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे वळून म्हणाल्या,

"अहो, ऐकलंत का? नाही सोडली तिने."

मी तिथेच रडले. घरी आल्यावरही रडले.

काका, ती पोस्ट आता नाही, म्हणून उत्तर इथे देते. ज्या दिवशी लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली असती, त्या दिवशी मी चुकले असं मानलं असतं. हे तेव्हा लिहिलं असतं तर तुम्हाला दोन दिवस शोधावं लागलं नसतं.

'घाबरट' हा शब्द मागे घेते. सगळ्यांसमोर.

शेवटचा नमस्कार, काका.