मोरीतून आलेलं पाणी

आमच्या घरात आधी शिरली ती गंगा नव्हती. एवढं एक वाक्य बोलायला मला पंचवीसेक वर्षं लागली.

दुर्गाघाटावर गंगेची बाढ, म्हणजे पूर, नवी नाही. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या की गल्लीतली माणसं ‘गंगाजी कुठवर आल्या’ असं आपल्याच घरच्या पाहुणीबद्दल विचारावं तसं विचारतात. आमच्यासारख्या मराठी घरांत तर पाणी उंबऱ्याला लागलं की बायका खण, नारळ, तांदूळ घेऊन तिची ओटी भरतात. माझी आई हे सगळं फार मनापासून करायची.

त्या वर्षी सकाळी मी घाटाकडे जाऊन पाणी बघून आलो. नदी अजून गल्लीच्या बरीच खाली होती. घरी येऊन बघतो तर अंगणात घोट्याएवढं पाणी. काळपट, वर फेस आलेला. मोरीच्या जाळीतून ते बुडबुडे काढत वर येत होतं. नदी चढली की शहरातल्या नाल्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही, त्या उलट्या फिरतात आणि सगळी घाण घराघरांतल्या मोऱ्यांतून वर येते. मी शिकलेला, नोकरी करणारा माणूस, मला हे समजत होतं. पण आई ताट घेऊन उभी होती, तिच्यामागे गल्लीतल्या चार बायका. शेजारीण म्हणाली, “गंगा मइया ख़ुद घर आ गईं, बड़ी किस्मत है अम्मा की.”

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ, आली.”

मी मान डोलावली. आईने गटाराच्या पाण्याची ओटी भरली आणि हात जोडून डोळे पुसले.

पुढे खरी गंगाही आली. सगळं एक झालं आणि पाणी बरेच दिवस घरात ठाण मांडून बसलं. उतरलं तेव्हा खालच्या खोल्यांत वीतभर गाळ होता. दाराच्या चौकटी फुगून दारं लागेनात, भिंतींचा गिलावा हात लावला की गळत होता, विजेचा मीटर चिखलाने भरलेला. हे सगळं आम्ही निस्तरलं. राहिला तो अंगणातला हौद. नळाचं पाणी त्यात साठायचं आणि मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढायचं. त्याचं झाकण बाढीत बुडालेलं होतं.

मी आईला म्हटलं, “हौद उपसायला हवा.”

“गंगा उपसून नालीत ओतणार? अरे, लोक कुठून कुठून येतात घोटभर पाण्यासाठी.”

तेव्हा तरी मी बघितलेलं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आईला कळलं असतं की आपण ओटी कशाची भरली. मी मोटर चालू केली.

आमच्या खालच्या भागात, आमच्याच टाकीच्या पाण्यावर, एक काकू खाणावळ चालवायच्या. विधवा बाई, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. महाराष्ट्रातून क्रियाकर्माला आलेली माणसं आणि पाठशाळेतले विद्यार्थी त्यांच्याकडे जेवायचे. चिंचगुळाची आमटी करायच्या. ज्यांनी ती खाल्ली ते पुढच्या खेपेला स्टेशनवरून थेट आमच्याच दारी यायचे.

थोड्याच आठवड्यांत घरात कावीळ शिरली. आधी माझी बायको, मग खाणावळीतले काही विद्यार्थी. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी कुठलं पिता?” मी म्हणालो, “नळाचं.” ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

काकू मात्र ठणठणीत. लोकांना शिळंपाकं खाऊ घालत असतील, स्वतः मात्र ताजं खात असतील, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. माझी बायको अंथरुणातून म्हणाली, “त्या आमटीनेच घात केला.” मी ऐकत बसलो. जेवायला येणारे तुटले. एका दुपारी काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “भाऊ, घासूनपुसून ठेवलंय सगळं.” आणि शिंदे घाटाच्या वरच्या बाजूला भाच्याकडे राहायला गेल्या.

त्या गेल्यावर मी हौद उपसून घेतला. मोटरच्या दुरुस्तीसाठी तो रिकामा करावा लागतोय, असं घरात सांगितलं.

आई गेल्यावर बोलायला काही हरकत नव्हती. पण तोवर ती गोष्ट न बोलण्याची इतकी सवय झाली होती की काकू बाजारात दिसल्या तर मी गल्ली बदलायचो.

अलीकडच्या बाढीत मात्र तसंच्या तसं झालं. सूनबाईने फ्रिज, गॅसचं सिलिंडर, पिठाचे डबे वर नेले, मेन स्विच बंद केला, आणि मग कौतुकाने सासूकडून शिकून घेतलेलं ओटीचं ताट तयार करून खाली आली. “बाबा, आ गया पानी! लवकर या!”

मी जिन्यावरून बघितलं. मोरीची जाळी, बुडबुडे, फेस.

“थांब,” मी म्हणालो. “ही गंगा नाही. नाली उलटी फिरली आहे.”

“म्हणजे... सीवर?” तिने ताट छातीशी धरलं आणि दोन पायऱ्या वर चढली. “छी! आणि मी पाय बुडवले!”

माझी बायको वरून म्हणाली, “तुम्हाला कसं ठाऊक?”

“आई होती तेव्हाच्या बाढीतही इथूनच आलं होतं. मी बघितलं होतं.”

ती कठडा धरून जिन्यात आली. मग म्हणाली, “म्हणजे माझी कावीळ?”

“हौदातली.”

“आणि काकू?”

“त्यांचा काही दोष नव्हता.”

“अहो, मी त्या बाईच्या नावाने वर्षानुवर्षं खडे फोडले! गल्लीतली एक बाई सोडली नाही सांगायची. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात.” ती जिन्यातच बसली. “सांगा जाऊन तिला. मी दुसरं काही ऐकणार नाही.”

पाणी ओसरल्यावर या वेळी हौद तळापर्यंत उपसला, घासला, ब्लीचिंग पावडर टाकून धुतला, पुन्हा उपसला. टाकीही तशीच. भिजलेलं धान्य आणि गाद्या सरळ फेकल्या. मीटर वायरमनने बघितल्याशिवाय बटणाला कोणी हात लावला नाही. बरेच दिवस उकळलेलंच पाणी प्यायलो. घरात कोणी आजारी पडलं नाही. सूनबाईने ओटी भरली ती घाटावर जाऊन, जिथे नदी होती तिथे. दरम्यान मी दूधवाल्यापासून सुरुवात करून गल्लीत ज्याला त्याला खरं काय ते सांगितलं. आणि मग शिंदे घाटाची वाट धरली.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. दिसतं कमी, पण आवाज ओळखला. “कोण, भाऊ? वाट चुकलात की काय?”

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोरी, आईची ओटी, हौद, डॉक्टर. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “ताक नव्हतं ना?”

मला कळेना.

“त्या आठवड्यात एकदा आदल्या दिवशीचं ताक वाढलं होतं मी. उरलं होतं, टाकवेना. मला वाटत आलं की त्यानेच झालं.” त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. “तेव्हापासून परक्याच्या पानात काही वाढलं नाही मी. भाच्याच्या मुलाच्या मुंजीतसुद्धा लांब बसून राहिले. म्हटलं, आपला हात नको लागायला.”

मी कल्पनाही केली नव्हती. मला वाटत होतं, गल्लीने त्यांना दोष दिला. तो त्यांनी स्वतःच घेतला होता.

“ताक नव्हतं, काकू. पाणी होतं. माझ्या हौदाचं.”

“तुमच्या आईचं मन मोडू नये म्हणून माझं मोडलंत.”

“हो.”

“निदान नाही तरी म्हणाला नाहीत.” त्यांनी पदराने नाक पुसलं. मग एक लांब श्वास सोडला, डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी तसा, आणि भिंतीला धरून उठल्या. “बसा.”

“काकू, मी निघतो...”

“बसा म्हटलं ना.”

भाचसून “मैं कर देती हूँ” म्हणत मागे गेली, तिला त्यांनी हाकललं. बऱ्याच वेळाने दडप्या पोह्यांची ताटली घेऊन आल्या, चाचपडत माझ्या हातात दिली आणि समोर बसून राहिल्या. घास तोंडात जाईपर्यंत हलल्या नाहीत.

“कसे झालेत?”

“मीठ जास्त झालंय.”

त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “आता खरं बोलायची सवय लागली वाटतं तुम्हाला! संपवा मग तसेच.”

मी संपवले. आणखी वाढू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हो म्हणालो.