टाकीच्या नावाचं खातं

लातूरला आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी येत नाही. येणार अशी सूचना निघाली की घरोघरी बायका साठवलेलं 'शिळं' पाणी झाडांना, अंगणात ओतून देतात आणि पिंप घासून ठेवतात. हिशोबी माणसाला ही रीत पटत नाही. कालपर्यंत पिण्याजोगं असलेलं पाणी एका सूचनेनं कसं बिघडतं, हे मी घरात विचारून पाहिलं.

माझ्या मुलीनं कॉलनीच्या पाण्याच्या टाकीच्या नावानं समाजमाध्यमावर एक विडंबनाचं खातं काढलं होतं. भाषा थेट सरकारी. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, पाणी आज किरकोळ रजेवर आहे.' कॉलनी हसायची. खात्यावर 'केवळ विडंबन' हे शब्द मीच आग्रहानं घालायला लावले होते. तेवढी काळजी पुरेशी आहे असं मी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी तिनं लिहिलं, 'उद्या पहाटे पूर्ण दाबाने पाणी येईल. शिळे पाणी ओतून द्यावे.' आमच्याकडे पूर्ण दाबानं पाणी कधीच येत नाही, गंमत तीच. पण कुणीतरी तेवढ्याच मजकुराचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. 'केवळ विडंबन' मागे खात्यावरच राहिलं.

सकाळी शेजारच्या बाई दारात उभ्या. कंधारहून नुकत्याच राहायला आलेल्या.

"भाऊ, तुमच्याकडं पाणी आलं का वो? मी तर सगळं ओतून बसले. दुपारी पोरीला बघायला पाव्हणे यायलेत, अन् घरात तांब्याभर पाणी न्हाई."

मी टँकरवाल्याला फोन लावला. तो संध्याकाळशिवाय यायला तयार नव्हता. तेवढ्यात मुलगी बाहेर आली.

"काकू, ते मी लिहिलं होतं. गंमत म्हणून."

"तू?" बाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "मग उचल घागर."

आधी आमचा पिंप रिकामा झाला, मग ती गल्लीत दारोदार गेली. प्रत्येक दारी कारण सांगावं लागलं. समोरचे आजोबा ओरडले, "अगं बाहेर या, टाकी स्वतःच पाणी मागायला आली!"

मी नुसता बघत होतो. नक्कल ओळखायची तर अस्सल सूचना वर्षानुवर्षं ऐकून कान किटलेले असावे लागतात. आमचे किटले होते. बाई नव्या होत्या. पाण्याची सूचना वाचून जे करायचं ते त्यांनी केलं. त्यांना भोळं म्हणणं मला जमेना.

पाहुणे हातपाय धुऊन, चहा पिऊन, पसंती कळवून गेले. संध्याकाळी बाई मुलीसाठी पोह्यांची बशी घेऊन आल्या.

"पोरी, आता पाणी कवा येणार ते खरं लिही."

"काकू, ते मला माहीत नाही."

"मग तेवढंच लिही की."

तिनं तेवढंच लिहिलं. लोकांना तेही विडंबनच वाटलं.