कौसल्याबाई आणि न उठणारं मशीन

कौसल्याबाई मूळच्या लासुर्ण्याच्या. वडील दत्तोबा, घरची बागायत सहा एकर. बारावीनंतर त्यांनी बारामतीला एसटीनं जाऊन-येऊन मराठी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि बाविसाव्या वर्षी भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात त्या लागल्या. लग्न होऊन कळंबला गेल्या तरी नोकरी तीच राहिली. नवरा दीपक लोणी देवकरच्या एमआयडीसीत फिटर. दोघं सकाळी दोन दिशांना निघत.

काम एकच, ऊस लागणीची नोंद. शेतकऱ्यानं ऊस कोणत्या तारखेला लावला त्यावर तो कधी तुटणार हे ठरतं. एकाच तारखेचे दहाजण असले तर ज्याचा नोंद नंबर आधीचा त्याची तोड आधी. वेळेत तुटला तर रान मोकळं होतं, मागं पडला तर उभ्या उसाचं वजन घटतं. त्यामुळं स्वतःच्या लग्नाची तारीख विसरलेला माणूससुद्धा लागणीची तारीख विसरत नाही.

या नोंदींचा प्रोग्राम २००४ साली आनंद नावाच्या पुण्याच्या गृहस्थांनी एकट्यानं लिहून दिला होता. प्रोग्राम चांगला होता, पण कॉम्प्युटर म्हातारे झाले आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. मग २०१६ मध्ये आनंदराव पुन्हा आले. त्यांनी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवला. हाताला लागणारा नव्हे, नुसता सॉफ्टवेअरचा. त्याला ते व्हर्च्युअल मशीन म्हणत. "प्रोग्रामला वाटतं आपण जुन्याच घरात राहतोय," असं त्यांनी सांगितलं. कौसल्याबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढं आनंदराव काम सोडून मुलीकडं नागपूरला राहायला गेले आणि खात्यात ते मशीन समजणाऱ्या कौसल्याबाई एकट्याच उरल्या.

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाच्या लागणीचे दिवस होते, नोंदणीच्या खिडकीशी रोज गर्दी असे. कारखान्याचे कॉम्प्युटर बघण्याचं काम बारामतीच्या पुष्करकडं होतं. पस्तिशीचा, हुशार आणि कामाला स्वच्छ माणूस. रविवारी सुट्टी बघून तो आला आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर त्यानं अपग्रेड केलं. जुनी आवृत्ती सुरक्षित राहिली नव्हती. त्यानं तसं महिनाभर आधी लेखी कळवलंही होतं.

सोमवारी साडेनऊला कौसल्याबाईंनी मशीन सुरू करायला घेतलं. स्क्रीनवर एक चौकट उघडली, लाल अक्षरात एक इंग्रजी वाक्य आलं आणि चौकट मिटली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी ते वाक्य अक्षर न् अक्षर कागदावर लिहून घेतलं आणि पुष्करला फोन लावला.

खिडकीबाहेर कळंबचे तात्याबा पहिल्या नंबरला उभे होते. "बाई, नोंद व्हती का न्हाय?"

"मशीन उठंना, तात्या. थोडं थांबा."

"मशीन झोपतंय व्हय? आमी पाचला उठलोय!"

रांगेतले हसले. कौसल्याबाईही हसल्या, पण कागदावरचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं.

पुष्कर पावणेअकराला पोचला. त्यानं आधी प्रोसेसरची सेटिंग पाहिली, ती ठीक होती. नवं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं, फरक पडला नाही. शेवटी तो त्या वाक्याशी येऊन थांबला.

"ताई, हे म्हणतंय की मशीनची जपून ठेवलेली अवस्था वाचता येत नाही. म्हणजे मशीन बंद नव्हतंच. आहे तसं गोठवून ठेवलेलं होतं, आणि ते गोठवलेलं जुन्या आवृत्तीचं आहे. नव्या आवृत्तीला ते उघडता येईना." त्यानं यादीत मशीनच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेला 'सेव्ह्ड' हा शब्द दाखवला. "हे मी काल बघायला हवं होतं. चालू दिसलं नाही, म्हणून बंद आहे असं धरलं."

कौसल्याबाईंनी तो शब्द वाचला. त्यांना आता सगळं कळलं होतं. मशीन नीट बंद केलं की सकाळी उठायला बारा मिनिटं घेई, आणि खिडकीबाहेर माणसं ताटकळत. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी दुसरा पर्याय धरला होता: बंद न करता गोठवायचं. सकाळी मिनिटात कालच्याच जागेवरून काम सुरू. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्या नीट बंद करत आणि नोंदींची प्रत काढून ठेवत. या खेपेला एकोणीस दिवस झाले होते. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात मुख्य शेतकी अधिकारी अविराज साहेब आत आले. त्यांनी पुष्करला उभ्याउभ्याच फैलावर घेतलं. "भर लागणीत हे उद्योग कुणी सांगितले? कुणाची चूक आहे ही? तुमचं काम काढून घ्यायला मला एक पत्र पुरे."

पुष्कर म्हणाला, "साहेब, तपासण्यात माझी चूक झाली."

"चूक माझी हाय, साहेब," कौसल्याबाई म्हणाल्या. ऑफिसात त्या एरवी नीट मराठी बोलत. "मी मशीन बंदच करत नव्हते. चार वर्सं. तसंच गोठवून घरी जात होते."

अविराज साहेब त्यांच्याकडं वळले. पंचवीस वर्षांत या बाईंची एक तक्रार आलेली नव्हती. "का?"

"लोक उभं राहत्यात म्हणून."

साहेबांनी तो विषय तिथं ठेवला. "आता काय करायचं ते सांगा."

पुष्कर म्हणाला, "गोठवलेली अवस्था टाकून देता येते. एक बटण आहे. मशीन पंधरा मिनिटांत उठेल."

"मग दाबा की."

"न्हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "ते म्हंजे चालू मशीनची वायर उपटल्यासारखं. प्रोग्राम आत उघडा हाय. दोन हजार नऊला लाइट गेली तवा असाच उघडा व्हता. नंबरांची फाईल तुटली आणि जुळवायला आठ दिवस लागले. हितं तर एकोणीस दिवसांच्या नोंदी हायत, सहाशेच्या वर. अर्ज आपल्याकडं हायत, पण नंबर नुसते मशीनमधी. उद्या कोण आधी नि कोण मागं, हे कुणाला सांगणार?"

पुष्करनं मान हलवली. "बरोबर आहे. मग उलटं जाऊ. नवं काढायचं, जुनी आवृत्ती परत बसवायची, तिच्यात मशीन उठवायचं, आतून नीट बंद करायचं, आणि मग अपग्रेड."

नेमकी तीच जुनी आवृत्ती हवी होती. ती कोणती, हे कौसल्याबाईंच्या वहीत नव्हतं. पुष्करनं मशीन स्वतःच्या कामाची नोंद ठेवतं त्या लॉग फाईलमधून तिचा नंबर शोधला आणि बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जुन्या आवृत्त्यांच्या यादीत ती मिळाली. उतरवून घ्यायला अर्धा तास लागला. त्याआधी त्यानं गोठलेल्या मशीनची अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवलं होतं; जुनी आवृत्ती हाती आल्यावर, ती असुरक्षित म्हणून, त्यानं कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडला.

कौसल्याबाई दरम्यान खिडकीशी गेल्या. रांगेतल्या माणसांची नावं, गट नंबर आणि वेळ त्यांनी कागदावर क्रमानं लिहिली आणि प्रत्येकाची सही घेतली. "मशीन उठलं की ह्याच क्रमानं नंबर पडतील. घरी जावा."

तात्याबा म्हणाले, "कागदाचं बरं हाय. झोपत तरी न्हाय." सही करून ते गेले.

दीड वाजता जुनी आवृत्ती बसली. कौसल्याबाईंनीच बटण दाबलं. काळी चौकट आली, एक पट्टी सरकत गेली आणि एकदम शनिवारची संध्याकाळ समोर उभी राहिली: तोच निळा पडदा, घड्याळात पावणेसहा, आणि एका शेतकऱ्याचं अर्धवट टाइप केलेलं आडनाव. पुढं कर्सर लुकलुकत होता.

कौसल्याबाईंनी आडनाव पुरं केलं, नोंद जतन केली. मग प्रोग्राम बंद केला, नोंदींची प्रत काढली आणि आतलं मशीन पायरीपायरीनं पूर्ण बंद केलं. एकोणीस दिवसांतल्या नोंदींचा आकडा त्यांनी अर्जांच्या गठ्ठ्याशी ताडून पाहिला. जुळला.

पुष्करनं पुन्हा नवी आवृत्ती चढवली. मशीन उठलं, पण प्रोग्राम उघडेना. त्याच्या परवान्याची, यूएसबीला लावलेली किल्ली आतल्या मशीनला दिसत नव्हती. हे मात्र दहा मिनिटांचं काम निघालं. मुख्य सॉफ्टवेअर नवं झालं होतं, त्याची यूएसबी सांभाळणारी जोडणी जुनीच राहिली होती. तीही त्याच नंबरची बसवल्यावर किल्ली दिसली. साडेतीनला कौसल्याबाईंनी कागदावरचं पहिलं नाव घातलं.

आठवड्यानं त्यांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी तीन ओळींत उत्तर दिलं. काय केलं, किती वर्षं केलं आणि आता काय करते. शिक्षा झाली नाही, पत्र मात्र सेवापुस्तकात लागलं. पुष्करचं कामही टिकलं. मशीनच्या बारा मिनिटांसाठी कौसल्याबाई आता नऊ वाजता येऊ लागल्या.

त्या महिन्यात त्यांनी नागपूरला आनंदरावांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे अजून तोच प्रोग्राम वापरता?" आनंदरावांनी विचारलं.

"व्हय, तोच."

"त्यात लागणीच्या तारखेच्या रकान्यावर एक शब्द चुकलाय. 'लागण'च्या जागी 'लागन' असं पडलंय. दुरुस्त करायचं राहून गेलं माझ्याकडून."

"राहू द्या, सर. हितं सगळे तसंच म्हंत्यात."

पुढच्या वर्षी कारखान्यानं नवी प्रणाली घेतली. तीन लाखांवर जुन्या नोंदी तिच्यात नेल्या तेव्हा दोन महिने कौसल्याबाई आणि पुष्कर एका टेबलाशी बसून त्या तपासत होते. सत्तावीस नोंदी चुकीच्या निघाल्या, त्यातल्या चार कौसल्याबाईंच्या हातच्या.