माझ्या विहिणीचं सुतक ज्यानं लपवलं

रविवारी आमच्या घरच्या साक्षगंधात जे जे जेवले, ते सगळे सुतकात जेवले.

आधी आंघोळ करून या. मग पुढचं वाचा.

माझी विहीण शनिवारी सकाळी गेली. मोठ्या लेकाची, प्रशांतची सासू. नाव कार्ती. राहायची इंडोनेशियात, जावा बेटावर, डोंगराखालच्या एका लहानशा खेड्यात.

प्रशांत त्याच देशात, दुसऱ्या बेटावर कोळशाच्या खाणीत नोकरीले होता. तिथून सुलास्त्रीशी लग्न करून तिले इकडं नागपूरजवळ, कोराडीले घेऊन आला.

त्यांचा देव वेगळा, आपला वेगळा. त्यावर ज्याले जे बोलायचं होतं ते लग्नातच बोलून झालं. आता पुरे.

तर शनिवारी तिकडून फोन आला, तो प्रशांतनं घेतला. दुसऱ्या दिवशी धाकट्या रवीचं साक्षगंध. तीन वर्षं पोरगी पाहून राहिलो होतो. लेकीले मायचं तीन दिवस सुतक. पोरीकडच्यांनी अपशकुन मानला तर?

म्हणून यानं बायकोले सांगितलंच नाही. मलेही नाही. बायकोचा फोन ‘दुरुस्तीले टाकला’ म्हणे.

तिकडं माय मातीत गेली होती आणि इकडं माझी सून पंगतीत वांग्याची भाजी वाढून राहिली होती. नव्या पोरीच्या साडीच्या निऱ्या तिनंच घातल्या.

संध्याकाळी मले म्हणे, "आई, फोन कधी भेटते? इबूले माझी साडी दाखवायची होती." इबू म्हणजे तिची माय.

प्रशांत बाजूलेच उभा. म्हणे, "उद्या दाखव ना वं. एवढी काय घाई आहे?"

जीभ अडखळली नाही पोराची.

सोमवारी पाहुणे गेले, मग सांगितलं. मंगळवारी स्टेटस टाकलं. सासूसोबत शेतातला फोटो, डोळ्यावर गॉगल. खाली लिहिलं, ‘मातृतुल्य सासूबाई’.

लोकांनी जोडलेले हात टाकले. कोणी विचारलं नाही, गेली कधी.

आता ती कोण होती ते मी सांगते. त्याले सांगता येणार नाही.

लग्नानंतर मी दोन महिने तिच्या घरी राहिली. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांधीत, भातखाचरातच वाढलेली. पहिल्याच दिवशी लुगडं खोचून रोवणीले उतरली. विहीण शेताच्या धुऱ्यावर उभी राहून पाहत राहिली, मग काहीतरी बोलली.

सुलास्त्री म्हणे, "इबू म्हणते, नागपूरची बाई एसीतली असंल असं वाटलं होतं."

मी म्हटलं, "तिले सांग, आमच्या घरी कूलरच मागच्या वर्षी आला."

त्या दिवसापासून आमचं जमलं. भाषा एकीची दुसरीले येत नव्हती, म्हणून भांडण कधी झालं नाही.

ती सोयाबीनले बुरशी आणून, पानात बांधून, तळून खायची. आमच्याकडं सोयाबीन विकायचं पीक. मी म्हटलं, हे तर नासलं. तिनं हसून दुसरा तुकडा वाढला. चांगला लागला. तिले सांगितलं नाही.

गावात जवान माणूस दिसायचं नाही. शाळा संपली की पोरी परदेशात, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायले. पोरं शहरात, कारखान्यात. शेतात सगळ्या आमच्या वयाच्या.

आणि कापणीले आता मशीन. दलाल उभं पीकच घेते, आपली माणसं आणते. बायांनी घरी बसायचं.

विहिणीनं तिच्या दोन बांध्या दलालाले कधी दिल्या नाही. तिच्याकडं जुनी रीत होती. गावातली कोणतीही बाई यायची, तळहातात मावेल एवढ्या पात्यानं एकेक लोंबी कापायची, आणि आपला वाटा घरी न्यायची. ज्या बाईले शेत नाही, तिच्याही घरी नवं धान.

मी सुलास्त्रीकरवी विचारलं, "मशीननं एका दुपारी होते, मग काहून एवढा त्रास?"

म्हणे, "मशीन जेवते काय?"

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर लेकीले म्हणाली, "सुली, धान भरलं. आता माझ्यानं वाकवत नाही. या कापणीले तू ये."

प्रशांत म्हणे, "साक्षगंध होऊ द्या, मग पाहू."

मी पण म्हटलं, "हो, पाहू." तेवढं पाप माझं. ते मी फेडीन.

धान अजून उभं आहे. पंधरा दिवसांत कापावं लागते. काल हा म्हणे, "दलालाले देऊन टाकू. माय तर गेली, आता तिनं जाऊन काय करायचं?"

सुलास्त्री भिंतीकडं तोंड करून बसली होती. एवढंच म्हणाली, "बाया माझी वाट पाहून राहिल्या असतील."

ऐक गा प्रशांत.

तुझ्या कपाटातला तिचा पासपोर्ट आता माझ्या पेटीत आहे. किल्ली कमरेले आहे.

रवीच्या सासऱ्याले मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आम्हाले कळवलं असतं तर आम्हीच तारीख पुढं नेली असती."

ऐकलं? ज्यांच्या भीतीनं तू मायलेकीची ताटातूट केली, त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच. आता त्यांच्या दारात कोणतं तोंड घेऊन जाशील ते तुझं तू पाहा. मी मध्ये येणार नाही.

विहीणबाई, माती द्यायले आमच्यातलं कोणी आलं नाही. माफी मागत नाही, मागायचं तोंड नाही. लेक तुमच्या बांधीत उतरंल, एवढं करते. जा आता सुखानं.

आणि या पोस्टखाली कोणी हात जोडू नका, फुलं टाकू नका. मामा, काकू, कोणी समजूत घालायले येऊ नका. रवी, तूबी गप्प बस.

उत्तर प्रशांतनं द्यायचं. सुलास्त्रीचं तिकीट कोणत्या दिवसाचं काढलं, ते इथंच लिहायचं, सगळ्यांसमोर.