कुरोसाठी दिलेला हात

बापटकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी जपानमध्ये, सेंदाईतल्या लॅबमध्ये होतो. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मनात आलं... झालं, आता आपण अडकलो! त्याला दीड महिना झाला. त्या विचाराची लाज गेलेली नाही, आणि विचारही गेलेला नाही.

काका इथल्या विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक, आणि दर रविवारी गावाबाहेरच्या रँचवर काउबॉय. सिनेमातले नव्हेत. टोपी उन्हापुरती, बाकी लीद काढणं, खूर साफ करणं आणि खरारा. शर्यतीतून बाद झालेला कुरो नावाचा काळा घोडा त्यांनी पाळला होता. त्याला पाणी पाजल्याशिवाय स्वतः घोटभर चहा घ्यायचे नाहीत. मला पहिल्याच दिवशी दमात घेतलं होतं, "घोड्यासमोर आवाज चढवायचा नाही. आणि जमणार नसेल त्याला हो म्हणायचं नाही."

नेमकं हे दुसरं मी विसरलो. हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, "कुरोचं कोण बघणार रे?" आजारी माणसाला आपण सगळेच म्हणतो तसं मीही म्हणालो, "काका, काळजी करू नका, मी आहे ना." त्यांनी माझा हात घट्ट धरला, "मग झालं," म्हणाले आणि शांत झोपले. मी धीर देत होतो... त्यांनी शब्द घेतला होता.

गेल्या महिन्यात पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. माझी बायको मुग्धा लेकीला घेऊन आधीच तिकडे गेलीय. फोनवर म्हणाली, "घोड्यासाठी थांबणारेस? मग आम्ही कोण?" परवाच्या रविवारी रँचच्या मालकांना, मोरी-सानना, सांगायला गेलो की मी निघतोय. ते हळूच म्हणाले, "जोशी-सान, तुम्हाला कोणी दोष देणार नाही. पण सव्वीस वर्षांचा घोडा दुसरं कोणी घेत नाही. त्याला कत्तलखान्यात पाठवावं लागेल."

मी खोगिरांच्या खोलीत गेलो. काकांच्या खुंटीवर त्यांचा जुना कोट तसाच होता. वरची नावाची पट्टी मात्र नवी होती, माझ्या नावाची. "तुम्ही हातात हात देऊन शब्द दिलात ना, त्याच संध्याकाळी त्यांनी फोन करून मला ते सांगितलं आणि ही लावायला सांगितली," मागून आलेले मोरी-सान म्हणाले. मला काकांचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाशी धड भांडताही येत नाही. पट्टी काढायला हात वर नेला, आणि कोटच काढून अंगात घातला.

मग तिथूनच मुग्धाला फोन लावला. "कुरो आहे तोवर नाही गं येता येणार," एवढंच बोललो. तिनं फोन ठेवला नाही.