पेवाचा पाइप आणि व्याह्यांचे पांढरे कपडे

माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी पहिल्याच भेटीत डोक्यापासून बुटापर्यंत पिवळं करून सोडलं, आणि तेही निव्वळ आरोग्याच्या काळजीपोटी!

आमचं घर हरिपुरात, सांगलीला लागून. इथं पूर्वी हळद जमिनीखाली पेवात साठवायचे. पेव म्हणजे रांजणासारखा खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. ते उघडलं की आधी वारं खेळू द्यायचं, मग कंदील सोडून बघायचा, आणि कंदील विझला नाही तरच माणूस आत उतरायचा. असलंच एक रिकामं पेव आमच्या कोठीच्या खोलीखाली आहे. वडिलांनी त्यावर फरशी घातली, फरशीवर आम्ही तांदळाचे डबे ठेवले आणि पेव विसरून गेलो.

मग अमेरिकेतल्या माझ्या पुतण्यानं व्हिडिओ कॉलवर आपलं नवं घर दाखवलं. हॉल दाखवला, किचन दाखवलं, कुत्रं दाखवलं आणि तळघरातून वर गेलेला एक पांढरा पाइप दाखवला.

"हे काय रं?" मी विचारलं.

"काका, हा रेडॉनचा पाइप. जमिनीतून येणारा वायू असतो. रंग नाही, वास नाही, पण घरात साठला की फुप्फुसाला वाईट. म्हणून फरशीखालून पंख्यानं ओढायचा आणि छपराच्या वर सोडायचा. तोंड सरळ आभाळाकडं पाहिजे, दारा-खिडक्यांपासून लांब."

मी जागच्या जागी गार! त्याचं घर नुसतं जमिनीवर. आमचं तर पेवावर!

"पण काका, आधी मोजून घ्या. त्याचं यंत्र मिळतं," असंही तो म्हणाला. (मोजणं-बिजणं हे भित्र्या माणसांचं काम. मी थेट पाइप आणायला गेलो.)

"आवं, इतकी वर्सं जगलोच की आपण!" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"जगलो, पण कशाच्या जोरावर?"

"तुमी अधनंमधनं गप बसायचा, त्याच्या!"

नेमका त्याच आठवड्यात पुण्याहून पल्लवीचा फोन आला. पल्लवी आमची एकुलती एक. तिच्या ऑफिसातला अनिकेत आम्हाला पसंत होता, तिला तर होताच होता. अडचण होती ती अनिकेतच्या वडिलांची. साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना सून ओळखीतल्या घरातली हवी होती. पोराच्या हट्टापायी एकदाच आमच्याकडं यायला तयार झाले होते.

"बाबा, ते नाही म्हणायला कारणच शोधतायत," पल्लवीचा आवाज रडवेला झाला होता. "रविवारी घरात काही नवीन करू नका. प्लीज!"

मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जातंय? काम तर शनिवारीच संपणार होतं!

कामाला माझा मेहुणा राजू. कुपवाडात त्याचं वर्कशॉप आहे. मी त्याला छोटा पंखा आण म्हटलं होतं, त्यानं टेम्पोतून ब्लोअर आणला.

"दाजी, पंख्यानं काय हुतंय? ह्यो भट्टीवरचा हाय. पेवच काय, हीर वडून काढंल!"

प्रश्न आला पाइपाच्या तोंडाचा. छपराच्या वर न्यावा, तर गच्चीवर सुनंदाच्या कुरडया. "माझ्या वाळवणावर तुमचा वायू सोडा, मग बघा!" उजवीकडं काढावा, तर मगदूमवहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी. मागच्या बाजूला म्हैस, आणि ती गाभण. शेजारधर्म, गृहशांती आणि दूध असं सगळं सांभाळत सांभाळत तोंड शेवटी निघालं ते आमच्याच पुढच्या दाराच्या डोक्यावर. ते आभाळाकडं ठेवायचं हे माझ्या लक्षात होतं हो, पण पावसाचं पाणी आत गेलं तर? म्हणून मी स्वतःच्या हातानं त्याला एल्बो बसवून खाली वाकवलं. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर बसवलेला ब्लोअर चालू करून बघणार, तर लाईट गेली, म्हणून राजू मुक्कामालाच राहिला.

रविवारी सुभेदार आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी, सगळ्याला कडक इस्त्री! मागं त्यांची बायको आणि अनिकेत. सुभेदारांनी अंगण तपासलं, तुळशीची कुंडी तपासली, माझी दाढी तपासली. उंबऱ्यापाशी येऊन वर बघितलं.

"पाहुणं, ह्यो पाइप कशाचा?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला त्या पाइपाबद्दल आपणहून विचारलं होतं! मी रेडॉन सांगितला, पेव सांगितलं, अमेरिका सांगितली.

"बहोत अच्छा!" सुभेदार म्हणाले. "म्हंजे तुमी फॅमिलीच्या सेफ्टीचा विचार करता."

मी हवेतच गेलो. "थांबा, चालूच करून दाखवतो!"

"बाबा, नको!" पल्लवी आतून ओरडली. पण माझा आवाज आधीच गच्चीवर पोचला होता. "राजू, लाव रं!"

आधी नुसती घरघर झाली. मग पाइप खोकला. त्यातून वाळक्या गवताचा एक बोळा पडला, त्यामागून एक झुरळ. सुभेदार नीट बघायला पाइपाच्या तोंडाखाली सरकले.

आणि पेवाच्या तळाला कैक वर्षं निजलेली हळदीची भुकटी एका दमात बाहेर आली!

"बंद कर! बंद कर!" मी ओरडत होतो, पण ब्लोअरपुढं कुणाचं काय ऐकू जातंय! मी दोन्ही हात डोक्यावर धरून जोरजोरात फिरवले. (कुपवाडात क्रेनवाल्याला तसे हात केले की 'अजून वर घे' असा अर्थ होतो, हे मला नंतर सांगण्यात आलं.) राजूनं वेग वाढवला. सुभेदार दिसेनासे झाले. त्यांना ओढायला धावलेला अनिकेत दिसेनासा झाला. त्याला ओढायला पल्लवी धावली. शेवटी सुनंदानं मेन स्विच पाडला.

धूळ बसली. सुभेदार सावधानमध्ये उभे होते. टोपी पिवळी, मिशा पिवळ्या, बूट पिवळे.

"पाहुणं, ये क्या है?"

"वायू... बाहेर पडला," मी म्हणालो.

"अनिकेत, गाडी काढ."

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. पिवळ्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा उतरत होत्या. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आणि तेवढीही मला जमली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात कुंपणावरून मगदूमवहिनींचं डोकं वर आलं.

"अगं बया, सुनंदा! हळद लावली बी व्हय? आन् आमाला बोलावनं न्हाई? आवं, या गं समद्या, पल्लवीची हळद लागली!"

गल्लीतल्या बायका धावत आल्या. एकीनं तर हळदीचं गाणंच सुरू केलं! सुभेदारांच्या बायकोनं आजवर (म्हणजे गाडीतून उतरल्यापासून) चकार शब्द काढला नव्हता. तिनं गालावरून बोट फिरवलं आणि हुंगलं.

"हळदच हाय की वो ही," ती म्हणाली. मग अनिकेतकडं बघितलं, पल्लवीकडं बघितलं. "आदी पोराला लागली, मग त्येचीच उष्टी पोरीला लागली. समदं रीतीनं झालंय. आता मोडलं तर अपशकुन हुईल. म्या न्हाई मोडायची. तुमाला जायाचं तर जावा एकटं!"

सुभेदारांनी आयुष्यात फक्त वरच्या अधिकाऱ्याचंच ऐकलं होतं. तो अधिकारी आत्ता त्यांच्या शेजारीच उभा होता, पिवळ्या लुगड्यात. (आली तेव्हा ते हिरवं होतं.)

"ठीक है," ते म्हणाले. "पर एक शर्त. लग्नात पाहुण्यांनी कुठल्याबी बटणाला हात लावायचा न्हाई."

पल्लवीनं त्यांचे पाय धरले आणि त्यांच्या वतीनं मलाच शपथ घातली. पाइप पुढं पुतण्याच्या शिव्या खाऊन, रीतसर मोजमाप करून, छपराच्या वर सरळ गेला. त्याला आता छोटा पंखा आहे, आणि त्याचं बटण सुनंदाच्या ताब्यात आहे.

लग्न साताऱ्यात झालं. भर उन्हाळा, हॉल गच्च. मंगलाष्टकं चालू होती आणि मी भिंतीला टेकून घाम पुसत होतो. हॉलचा मॅनेजर लांबून म्हणाला, "काका, मागचं पंख्याचं बटण दाबा की जरा!"

मी सवयीनं हात वर केला.

"न्हाऽऽई!" दोन्हीकडचं वऱ्हाड एकदम ओरडलं. भटजींचं मंगलाष्टक घशातच अडकलं. अंतरपाटामागून नवरी किंचाळली, "बाबा, हात खिशात!"

मी घातले. ते जेवणाच्या पंगतीपर्यंत काढले नाहीत. म्हणून अल्बममधल्या एकूण एक फोटोत मी खिशात हात घालून ताठ उभा आहे, आणि बघणारे विचारतात, "मुलीचा बाप असून काय हो हा रुबाब!"